कॉलिनच्या हातातली पहार

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम मृणाल बघते. माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने फोन केला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही ती आगीची नोकरी करायचात ना, त्यातल्या गमतीजमती लिहा. तो शेतकऱ्याच्या हाताचा किस्सा तर हवाच हं!" मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. त्या किश्श्याचं पुढे काय झालं ते तिला ठाऊक नाही. मंडळात कुणालाच नाही. तेव्हा ज्यांना गंमतच हवी असेल त्यांनी खुशाल पान उलटावं, पुढे फराळाच्या पाककृती असतील.

नोकरी काय होती ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ती कधी कळली नाही. ती सगळ्यांना सांगायची, "सुनंदा फायर ब्रिगेडमध्ये आहे." कसली फायर ब्रिगेड! मला साधा गॅस पेटवतानाही मागे सरकायची सवय. एका विमा कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात मी जोखीम पाहणीचं काम करत होते. एखाद्याच्या शेडचा, गोठ्याचा, गवताच्या कोठाराचा विमा उतरवायच्या आधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं, की इथे आग लागलीच तर कुठून लागेल. ते बघणारी मी. बघायचं, फॉर्म भरायचा आणि काय काय सुधारा ते लिहून द्यायचं. माझ्याकडे ऑस्ट्रेलियाच्या आतला कोरडा मुलूख होता. ज्या बेटावर टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथे चोविसाव्या मजल्यावर बसून मी वाळल्या गवताची काळजी करत होते. अहो चेष्टा करायचे, "तुझ्या गवताला आज ताप किती?" ते अकाउंटंट, त्यांना दुसऱ्याच्या कामाची चेष्टा सुचायचीच.

वर्षातून चार-पाच वेळा जायचं असायचं. विमान, मग छोटं विमान, मग गाडी, आणि मग क्षितिजापर्यंत पिवळं. तिथली माणसं पहिल्यांदा मला बघून हसायची. साडेपाच फूटसुद्धा नसलेली बाई, कपाळावर टिकली, डोक्यावर पिवळं हेल्मेट. एका महाभागाने मला अभिमानाने दाखवलं होतं, की तुमच्या पत्रानुसार आम्ही 'धूम्रपान करू नये'ची पाटी लावली. लावली होती खरी. पण ती लावायला पठ्ठ्याने शेडच्या लोखंडी खांबाला वेल्डिंग केलं होतं, गवतापासून जेमतेम तीन हातांवर! खाली ठिणग्यांचे काळे ठिपके दिसत होते. मी नुसतं त्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं. त्याच्या बायकोने त्याला माझ्यासमोर जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

एकदा तर इथेच, आपल्या सिंगापुरात काम निघालं. उत्तरेकडच्या एका तबेल्यात घोड्यांसाठी परदेशातून आलेलं गवत रचलेलं होतं आणि भुतांचा महिना चालू होता, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखा. तबेल्याचे म्हातारे अंकल गवताच्या दाराशीच पिंप ठेवून त्यात पितरांसाठी कागद जाळत होते. मी म्हटलं, "अंकल, इथे नको." ते इथल्या सवयीने शेवटी 'लाह' लावत म्हणाले, "एवढं दमट आहे, इथे कुठली आग लागते लाह?" मी त्यांचा हात धरून गासडीच्या आत खुपसला. बाहेरून ओलसर वाटणारं गवत आत कुरकुरीत कोरडं होतं. अंकलनी हात बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पिंप ओढत लांब नेलं. अशा वेळी वाटायचं, आपण काहीतरी कामाचं करतो. मला माझ्या कामाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आता मुख्य गोष्ट. कोरड्या मुलखात आग ठिणगीने लागते, विजेने लागते, हे सगळ्यांना समजतं. पण गवत आपलं आपण पेटतं, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. खरं आहे ते. गवत नीट वाळायच्या आधी गासड्या बांधून गच्च रचलं, की आतल्या ओलीने ते आंबायला लागतं आणि आंबताना तापतं. इडलीचं पीठ फुगताना भांडं कोमट लागतं ना, तोच प्रकार. पण इथे उष्णता बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून काही दिसत नाही. आठवडा जातो, दोन आठवडे जातात, गूळ करपल्यासारखा वास येतो आणि एके दिवशी गंजी आतून पेटते. त्यात एक कायम लक्षात ठेवायचं: तापलेली गंजी उघडायची नाही. उघडली की आत हवा जाते आणि भडका उडतो. अग्निशमन दल दारात उभं असल्याशिवाय एकही गासडी ओढायची नाही.

आत किती तापलंय हे बघायला लांब दांड्याचा तापमापक मिळतो. तो नसेल तर जुनी रीत म्हणजे पहार. लोखंडी पहार गंजीत खोलवर ठोकायची, दोन तास तशीच ठेवायची, मग ओढून काढायची आणि आत गेलेलं टोक मुठीत धरायचं. खुशाल धरून ठेवता आलं तर चिंता नाही. क्षणभरच धरवलं तर रोज लक्ष ठेवा. धरवलंच नाही तर दलाला फोन करा. आमच्या फॉर्मवर तसा रकानाच होता. माझे साहेब, लिम, यांनी मला पहिल्या आठवड्यात हे शिकवलं तेव्हा मी म्हटलं होतं, "एवढ्या मोठ्या कंपनीत हात लावून बघायचं?" लिम म्हणाले, "हात कधी बंद पडत नाही, सुनंदा. बॅटरी लागत नाही." मला ते फार पटलं होतं.

कॉलिन आणि जोन हे माझ्या यादीतलं एक म्हातारं जोडपं. मेंढ्या, थोडी गुरं, बोअरच्या पाण्यावर लसूणघासाचं एक वावर आणि ते गवत साठवायची एक मोठी शेड. पाऊस तिकडे सलग दोन-दोन वर्षं दडी मारतो. तेव्हा जनावरं जगतात ती त्या शेडमधल्या गवतावर. त्यांच्या लेखी शेड म्हणजे सगळं होतं. मी एकदाच गेले होते त्यांच्याकडे. कॉलिनने बाहेर तीन दगडांवर चहा ठेवला होता. मी "अहो, फडकं!" म्हणेपर्यंत त्याने जाळावरचा तापलेला डबा नुसत्या हाताने उचलला आणि माझ्या कपात चहा ओतला. मी किंचाळलेच. तो हसला आणि तळहात पुढे केला. चपलेच्या तळव्यासारखा हात! चाळीस वर्षं तारा ओढून, खांब रोवून सगळी कातडी दगड झाली होती. जोन म्हणाली, "त्याला काही लागत नाही गं, तू आपली चहा पी." त्याला सुनंदा म्हणता येईना, म्हणून मी त्याची 'सू' झाले. पुढे दर वर्षी जोन मला व्हॉट्सअॅपवर कोकरांचे फोटो पाठवायची.

हाच तो किस्सा. मंडळाच्या गणपतीत मी तो तीनदा सांगितला आहे, डबा उचलायच्या अभिनयासकट. लोक पोट धरधरून हसले आहेत.

मग महासाथ आली, विमानं बंद झाली आणि आम्ही पाहण्या व्हिडिओ कॉलवर करायला लागलो. साथ गेली तरी कॉल राहिले. कंपनीच्या ध्यानात आलं, की बाई चोविसाव्या मजल्यावरूनही शेड बघू शकते. दिवसाला एक व्हायची तिथे सहा-सहा पाहण्या व्हायला लागल्या. मी कुरकुर केली, नाही असं नाही. पण मला जमत होतं. कॅमेरा डावीकडे घ्या, वर घ्या, वायर दाखवा, थँक यू. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून बेडोकला घरी. वय झालं होतं, गुडघे बोलत होते, बरंच वाटलं मला.

त्या वर्षी कॉलिनने लसूणघास कापला आणि नेमकी अवेळी सर आली. गवत पुन्हा वाळवायला हवं होतं. पण पुढच्या दिवशीपासून प्रचंड उष्णतेची लाट येणार होती आणि अशा दिवसांत तिकडे वणव्याच्या भीतीने शेतात यंत्रं चालवायला सरकारी बंदी असते. एका ठिणगीने जिल्हा जळतो. म्हणून त्याने बंदी लागायच्या आत, एक दिवस लवकर, गासड्या बांधल्या आणि शेडमध्ये रचल्या. म्हणजे बघा, आगीच्याच भीतीने त्याने ते केलं. आणि लपवलं नाही हो काही! फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं: एक दिवस कमी वाळवलं. मी ते वाचलं आणि नियमाप्रमाणे तपासणी लावली. त्याच्याकडे तापमापक होता, पण बिघडलेला, नवा यायला वेळ होता. मी म्हटलं, पहार चालेल.

सकाळी साडेअकराचा कॉल होता. मी सांगितल्याप्रमाणे त्याने दोन तास आधीच पहार ठोकून ठेवली होती. पडद्यावर कॉलिन, त्याची फाटकी हॅट, मागे कुत्रं. त्याने पहार ओढून काढली, टोक मुठीत धरलं. मी म्हटलं, "कसं वाटतंय?" तो म्हणाला, "कोमट आहे, सू. दिवसभर धरून उभा राहीन." आणि खरंच धरून उभा राहिला, हसत. मी रकान्यात खूण केली, "छान, काही काळजी नाही" म्हणाले, आणि कॉल बंद केला. मग खाली जाऊन हॉकर सेंटरमध्ये थोसाई, म्हणजे आपला डोसा, खाल्ली. चटणी छान होती, तेसुद्धा आठवतं मला.

चपलेच्या तळव्यासारखा तो हात मी स्वतः बघितलेला, त्याच्यावर टाळ्या घेतलेल्या. आणि त्याच हाताला मी विचारलं, की तापलंय का! इतकं साधं कसं सुचलं नाही मला? आजही मी पोळी तव्यावर टाकता टाकता थांबते आणि स्वतःला विचारते, अगं बये, तुझं डोकं कुठे होतं?

चौथ्या दिवशी दुपारी लिम माझ्या टेबलाशी आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. ते कधी बसत नसत, उभ्याउभ्याच बोलत. म्हणाले, "सुनंदा, कॉलिनची शेड गेली." मी म्हटलं, "आणि ते दोघं?" जोन सुखरूप होती. कॉलिन शेडच्या आत, ट्रॅक्टरपाशी सापडला होता.

पुढचं सगळं ऑफिसी. वकील आले, मीटिंग झाली, आमच्या कॉलचं रेकॉर्डिंग होतं ते मोठ्या पडद्यावर लावलं. मी, लिम आणि वकील. सहा मिनिटांचं होतं. बघून झाल्यावर वकील म्हणाला, "प्रोसिजर बरोबर आहे. तुमची काही चूक नाही." मी म्हटलं, "चूक आहे. त्याच्या हाताला चटका कळत नाही, हे मला माहीत होतं." त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "हे तुम्ही आता बोललात, मी ऐकलं नाही. केस बंद होईपर्यंत त्यांच्या घरच्यांशी संपर्क ठेवायचा नाही." विम्याचं पुढे सुरळीत झालं, जोनला त्यात त्रास झाला नाही. पण मी तिला फोन केला नाही. साधं सांत्वनाचं अक्षरही पाठवलं नाही. घरी अहो म्हणायचे, "कर ना फोन, खाणार आहे का कंपनी तुला?" मी म्हणायचे, "नियम आहे." आयुष्यभर नियमाने चाललेली बाई मी. आठ महिने चालले, मग निवृत्तच झाले. निरोपाला केक होता, त्यावर साखरेचं लाल फायर इंजिन काढलं होतं. मी तो कापला, सगळ्यांना वाटला आणि घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून रडले.

त्यानंतर महिन्याभराने एका दुपारी जोनचा फोन आला. तिचं नाव पडद्यावर बघून मी गॅस बंद केला आणि फोन उचलला. ती म्हणाली, "सू, तू नोकरी सोडलीस असं ऑफिसने सांगितलं. आता तरी बोलशील ना?" मग मी बोलले. सगळं सांगितलं. चहाचा डबा, माझी हसवाहसवी, रकान्यातली खूण. माझ्यामुळे झालं, जोन, असं म्हणाले.

मग जोन म्हणाली, "धूर दिसला तेव्हा मी त्याला म्हटलं, दलाची वाट बघू. दल म्हणजे आमचेच शेजारी, यायला वेळ लागतो. तो म्हणाला, सूने तपासलंय, आत काही नाही, कडेचं काहीतरी धुमसतंय. कडेच्या चार गासड्या ओढून टाकतो, बाकीचं वाचेल. आणि ट्रॅक्टर घेऊन गेला." तो उघडायला गेला, कारण मी म्हटलं होतं काळजी नाही. माझ्या शब्दावर गेला तो.

मी रडत होते. जोन रडत नव्हती. ती म्हणाली, "त्याला काही लागायचं नाही गं. कोकराच्या बाटलीतलं दूध फार गरम आहे का, हेसुद्धा मी बघून द्यायचे. तपासणीच्या दिवशी फोन मीच धरला होता, सू. मी तिथेच होते. तू एकदा म्हटलं असतंस ना, जोनच्या हातात दे..."  मग म्हणाली, "आणि मलाही सुचलं नाही."

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. पण तिने विचारलं, "तो व्हिडिओ आहे ना तुमच्याकडे? मला मिळेल का? तो फोटोलासुद्धा कधी उभा राहायचा नाही. तेवढाच एक आहे."

मी लगेच लिमना फोन लावला. ते बिचारे दोन दिवस खटपट करत होते. मग त्यांचा फोन आला. "सुनंदा, केस क्लोज झाली की सिस्टिम आपोआप डिलीट करते. नाहीये आता. खरंच नाहीये. सॉरी लाह." मीटिंगमध्ये तो व्हिडिओ पडद्यावर चालू होता तेव्हा माझा फोन माझ्या मांडीवर होता. तो वर धरून सहा मिनिटं टिपून घ्यायला काय झालं होतं मला? मनात आलंही होतं. पण रेकॉर्डिंगचं रेकॉर्डिंग करायला परवानगी नव्हती.

जोनला हे सांगताना मी शरमेने मेले. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "पण तू बघितलंयस ना? तू सांग मला."

मी सांगितलं. निळा शर्ट होता, वरचं बटण तुटलेलं. हॅट मागे सरकवली होती. कुत्रं दोनदा मधे आलं, दुसऱ्यांदा त्याने त्याला पायाने हळूच बाजूला केलं. पहार ओढताना त्याने ओठ चावला. मग धरली. मग काय म्हणाला, मी काय म्हणाले.  संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा सांग."

आता दर महिन्याला तिचा फोन येतो. तिकडची नवी शेड, पाऊस, मेंढ्या असं दोन मिनिटं बोलतो आणि मग ती म्हणते, "सांग." अहो आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. त्यांना ऐकवत नाही. तिला आता सगळं पाठ झालंय. मी हॅट विसरले तर आठवण करते, कुत्रं एकदाच मधे आलं असं चुकून म्हणाले तर म्हणते, "दोनदा." त्यामुळे मला एकही शब्द बदलता येत नाही. दर महिन्याला मी त्याला गंजीपाशी आणून उभं करते, पहार त्याच्या हातात देते, आणि मनातून ओरडत असते, की जोन, तू धर, तू धर. तोंडाने मात्र म्हणते, "छान, काही काळजी नाही." आणि ती म्हणते, "हो, असंच म्हणालीस."